वरचं पाणी

८ जानेवारी २००६, रविवार

दर्यापूरहून येताना जीपमध्ये खिडकीची जागा मिळाली आणि सबंध रस्ताभर मी विहिरीचाच विचार करत आले. बाहेर कापूस वेचून झालेल्या पऱ्हाट्या उभ्या होत्या. ऊन त्यांच्यावर इतकं हलकं पडलं होतं की वाटलं, हात लावला तर झटकून निघेल.

काल आईच्या वस्तीत बैठक झाली. विहाराशेजारी टाकी बांधून झाली आहे, आता विहिरीवर मोटर बसवायची. कोणती बसवायची ते मी सांगायचं. पॉलिटेक्निकमध्ये पोरांना मी हेच तर शिकवते: पाणी किती उंच चढवायचं, किती वेळात किती हवं, त्यावरून पंप आणि पंपावरून मोटर. पण वर्गातली विहीर फळ्यावर असते. ही बाबांची विहीर.

आमचा सगळा भाग खारपाणपट्टा. कुठेही खणा, खारंच लागतं. गावाची मोठी विहीरही खारी, आणि तिच्यावरसुद्धा आमच्या माणसांना चढू देत नसत. मग बाबांनी आणि वस्तीतल्या चौघांनी नाल्याकाठी आपली विहीर खणली. ती गोड निघाली. आता पिण्याचं पाणी अख्खं गाव तिथून नेतं. बाबा पहिला घोट प्यायले होते. ते गेल्यापासून तो मान आईचा. गाळ उपसला, उन्हाळा लागला, काहीही नवं झालं की पहिला पेला जाईबाईचा. ती म्हणाली गोड, की गोड.

मी हिशेब केला. एक अश्वशक्ती पुरते. कुर्बान हसला. आईच्या घराजवळ दुकान असलेल्या कुलसुमबीचा मुलगा तो, माझ्याबरोबर खेळलेला. दर्यापूरला जळालेल्या मोटरी भरायचं, नवी तार गुंडाळून द्यायचं दुकान आहे त्याचं.

"ताई, एकानं काय होते? लाइन येते घडीभर, तेही मरतुकडी. तीन टाका. टाकी पटकन भरून मोकळं."

इथली ही रीतच आहे. हिशेबात येईल त्याच्या पुढचं माप घ्यायचं. भारनियमन, कमी दाब, कशाचाच भरवसा नाही, म्हणून पंप तेवढा दांडगा. मी आईकडे पाहिलं.

"मोठीच घे व माय," ती म्हणाली. "तुया बापाची इहीर हाय. लहान मोटर लावली तं लोक काय म्हनतीन?"

मी तीन लिहून दिलं.

२२ जानेवारी, रविवार

मोटर सुरू झाली. नळीतून पाणी असं उसळलं की पोरंसोरं ओरडत पळाली आणि पुन्हा परत आली. फुटव्हॉल्व्ह, म्हणजे नळीच्या तोंडाची झडप, कुर्बानने पार तळाशी सोडला आहे, म्हणजे पंप कोरडा पडायची भीती नाही. मी डोळे मिटून उभी होते. जमिनीखालून काहीतरी मोठं, झोपलेलं जनावर कूस बदलतंय असं वाटत होतं.

आईने पेला भरून घेतला. ती प्यायली, पदराने ओठ पुसले.

"गोड हाय."

टाळ्या पडल्या. डोमाजीकाका, बाबांसोबत विहीर खणणाऱ्यांतले शेवटचे, म्हणाले, "आता बायांचे हात रिकामे. आमाले बोलाले टाइम भेटला त्याहिले." आई त्यांच्यावर हात उगारून धावली. सत्तरीच्या पुढची माझी आई, मुलीसारखी धावली.

३१ जानेवारी, मंगळवार

शेवटच्या वर्षाच्या मुलांचे प्रकल्प ठरवायचे होते. मुलं भंगारातून मोटरी आणतात. वायपरची, कूलरची, शिलाई मशीनची. टेबलावर ओळीने मांडतात, आणि मला त्या दरवर्षी अनाथ मुलांसारख्या दिसतात. कुणाला ताकद आहे पण वेग नाही, कुणाला वेग आहे पण धीर नाही. मी मुलांना सांगते, मोटर आवडली म्हणून घेऊ नका. काम काय आहे ते आधी विचारा.

तुबा हात वर न करताच बोलते. हुशार मुलगी, आजोळ तिचं हिवरखेडला. "मॅडम, मला खारपाणपट्ट्यातला पंप निवडायचा आहे. विहीर काचेची करणार. आत काय होतं ते दिसलं पाहिजे."

काचेची विहीर. मला इतकं आवडलं की मी लगेच सही केली. हवं तर माझ्या आईच्या विहिरीची मापं घे म्हटलं.

१८ फेब्रुवारी, शनिवार

आईकडे. बाहेर लिंबाखाली बसले होते. वारा पडलेला, पानं गळून ओटा पिवळा झालेला. आई आतून म्हणाली, "च्या फाटला व."

"दूध जुनं असेल."

"हो, दूधच जुनं असन." मग कोरा चहा आणला, भरपूर साखर घातलेला. तिला स्वतःला कोरा चहा कधीच आवडायचा नाही. वय झालं की आवडी बदलतात. मलाही हल्ली तिखट सोसत नाही.

वरणातली डाळ अख्खी राहिली होती. तूर यंदाची वाईट असावी. पेपरात रोज शेतकऱ्यांच्या आत्महत्यांची इतकी वाईट बातमी असते की डाळ न शिजणं मनावर घ्यायची लाज वाटते. गेल्या आठवड्यात माझ्या वर्गातला एक मुलगा यायचा थांबला. त्याच्या गावाचं नाव पेपरात आलं होतं. हजेरी घेताना त्याच्या नावाशी मी थोडी थांबते आणि पुढे जाते.

टाकी मात्र काठोकाठ भरलेली होती. निघताना तिच्या भिंतीला गाल लावून पाहिला. गार.

५ मार्च, रविवार

अश्विन अकोल्याहून आला. तो माती तपासण्याच्या प्रयोगशाळेत आहे. शनिवार-रविवारचा नवरा, असं आम्ही दोघंही म्हणतो, आणि दोघांनाही ते फारसं हसू येत नाही. संध्याकाळी वडाळी तलावाकडे फिरायला गेलो. पाण्यावर एकही लाट नव्हती.

त्याने विचारलं, "फुटव्हॉल्व्ह कुठवर सोडलाय?"

"तळापर्यंत."

"हं." बराच वेळ चालल्यावर, "मीटर लावून बघ ना एकदा. क्षार किती आहेत कळेल."

"आईची जीभ आहे की."

त्याने माझा हात हातात घेतला फक्त. मला वाटलं, आज त्याला किती प्रेम आलंय.

घरी येऊन कुलसुमबीच्या दुकानात फोन लावला. आईला हाक मारायला कुणी गेलं, तोवर कुलसुमबी म्हणाली, "बेटी, तू येत जा ना जरा. रोज थोडी म्हनते मी. तुया मायचे पाय सुजून राहिले."

"उन्हाचे असतील, खाला. आणि पाणी कसं आहे?"

ती म्हणाली, "ते तू जाईलेच इचार. आली पाय ते."

आई धापा टाकत बोलली. "गोड हाय. कावून इचारतं सारखं सारखं?"

१७ मार्च, शुक्रवार

पहाटे स्वप्न पडलं. मी विहिरीत उतरतेय, पायऱ्या संपत नाहीत, आणि पाणी माझ्याबरोबर खाली खाली जातंय. तळाशी बाबा बसलेत. त्यांच्या पुढ्यात एक पेला. मी विचारलं, प्यायचं का? ते म्हणाले, तुया मायले इचार.

जागी झाले तेव्हा तोंडाला चव होती. कसली ते कळेना. उठून चूळ भरली.

१ एप्रिल, शनिवार

तुबाचं काचेचं पात्र तयार झालं. माशांची टाकी असते तसं, आत वाळू भरलेली. अजून पंप ठरला नाही. तिने तीन गोळा केलेत: कूलरचा, कारंज्याचा आणि मोटारीच्या काचेवर पाणी उडवणारी ती अंगठ्याएवढी मोटर. मी म्हटलं, "आधी मोठा लावून बघ. दिसायला छान दिसेल."

हे मी का म्हटलं? वर्गात मी असं कधीच म्हणत नाही.

१४ एप्रिल, शुक्रवार

जयंती. वस्ती निळीनिळी झाली होती. दरवर्षी मिरवणुकीला आम्ही विहिरीच्या पाण्याचं लिंबू सरबत देतो. अख्खं गाव थांबतं, पितं, पुढे जातं. बाबांना त्या एका दृश्याचा फार अभिमान होता. ज्यांनी पाण्याला शिवू दिलं नाही त्यांची नातवंडं आमच्या ओट्यावर पेला पुढे करून उभी.

यंदा आई म्हणाली, सरबत नाही, ताक करू. तिचंच बरोबर. एवढ्या उन्हात ताकच बरं. तिने सगळं आधीच ठरवून ठेवलं होतं. दही कुलसुमबीकडून, जिरं भाजून, कोथिंबीर बारीक चिरून. मला रांजणाला हात लावू दिला नाही. "तू शयराची पाहुनी. बस तिकडं."

डोमाजीकाका पेला तोंडाला लावून म्हणाले, "जाई, मीठ कोनं टाकलं वं यात?"

"कोनीच नाही टाकलं," आई म्हणाली.

भोवतीचे सगळे हसले. अगदी डोळ्यांत पाणी येईपर्यंत. मीही हसले. का हसले ते कळलं नाही. सणाच्या दिवशी माणसं कशालाही हसतात. कुलसुमबी तेवढी हसली नाही. ती माझ्याकडे पाहत होती, जसं लहान मूल पडायच्या बेतात असताना पाहतात.

२१ एप्रिल, शुक्रवार

नीट लिहिलं पाहिजे.

आज तुबाचं प्रात्यक्षिक होतं. वाळूत खाली मिठाचं पाणी, कपड्यांची नीळ घालून गडद केलेलं. त्याच्यावर थाळीच्या काठाने हळूहळू सोडलेलं साधं पाणी. दोन्ही मिसळली नाहीत. निळ्याच्या डोक्यावर पांढरं तसंच निजून राहिलं, गोधडीसारखं. तुबा सगळ्यांना सांगत होती, "पावसाचं गोड पाणी हलकं. ते खाऱ्यावर तरंगतं. नाल्याकाठी, तळ्याकाठी असा थर साठतो. खारपाणपट्ट्यातल्या गोड विहिरी म्हणजे हा थर."

मग तिने कूलरचा पंप जोडला, मी सांगितला होता तो.

पंप चालू झाला आणि सपाट निळी रेघ मधोमध उचलली गेली. आधी टेकाडासारखी, मग वारुळासारखी, टोक वर करून सरळ नळीकडे. बाहेर पडणारं पाणी क्षणभर पांढरं होतं. मग फिकट. मग निळं.

"जोरात ओढलं की खालचं वर येतं," तुबा म्हणाली. "आणि नळी तळाशी सोडली तर विचारायलाच नको." मग ती अंगठ्याएवढी मोटर लावली, नळीचं तोंड वरवर ठेवलं. पाणी बोटभर धारेने येत राहिलं. स्वच्छ. निळी रेघ जराशी श्वास घेतल्यासारखी हलली आणि निजली.

मुलांनी टाळ्या वाजवल्या. मी त्या वारुळाकडे पाहत होते. ते हळूहळू खाली बसत होतं. आणि मला फाटलेला चहा दिसला. अख्खी डाळ. सुजलेले पाय. ताक.

तुबाने विचारलं, "मॅडम, बरोबर आहे ना?"

"बरोबर आहे," मी म्हटलं.

२२ एप्रिल, शनिवार

पहिल्या जीपने गेले. आई ओट्यावर भांडी घासत होती. साबणाला फेस नव्हता. मी काही न बोलता टाकीच्या नळाखाली ओंजळ धरली आणि प्यायले.

तोंडातून बाहेर टाकावं लागलं.

"आई."

ती भांडं घासतच राहिली.

"केव्हापासून?"

"च्या फाटला ना, तवापासून."

"आणि तू मला गोड म्हणत होतीस? दर वेळी?"

"मंग काय म्हनू?" तिने तवा आपटला. "तुया बापानं हातानं खंदली ते. चौघाहिच्या हाताचे साल निघाले. अन् तू आमची इंजिनेर पोरगी, तू मोटर लावली. गावापुढं कोन्त्या तोंडानं सांगू का खारं केलं माया पोरीनं?"

"लोक काय पितात मग?"

"सडकेवरून आनतात. टँकर येते."

"आणि तू?"

कुलसुमबी दुकानातून उठून आली होती, उत्तर तिने दिलं. "हेच पिते. चार मानसं आले का पेला भरते, सगळ्यायसमोर पिते, म्हनते गोड हाय. म्या आमच्या घरचं देलं तं म्हने नोको, लोक पायतीन."

"तुम्ही तरी सांगायचं, खाला."

"साऱ्या गावाले माईत हाय, बेटी. लहान लेकराले बी. जाईनं शपथ घातली, तुले सांगाचं नाही. डोमाजी त्या दिवशी ताकात जरासा फिसलला."

मला वाटलं होतं मी रडेन. रडू आलं नाही. एवढं मोठं गाव, ज्यात एक बातमी दारातून दारात जायला हुंदक्याएवढा वेळ लागत नाही, ते गाव इतके दिवस माझ्यासाठी गप्प बसलं होतं. कोण जाणे हे प्रेम होतं की शिक्षा. मी आईचे पाय मांडीवर घेतले. बोटाने दाबलं की खड्डा पडत होता आणि हळूहळू भरत होता.

"मोटर बंद करते," मी म्हटलं.

"लोक—"

"लोकांना माहीत आहे, आई. फक्त आपण दोघीच एकमेकींपासून लपवत होतो."

"तू काय लपवलं?"

"मोटर एक अश्वशक्तीचीच लागत होती. मला माहीत होतं."

२४ एप्रिल, सोमवार

रजा टाकली. आईला दर्यापूरला डॉक्टरांना दाखवलं. आता कुलसुमबीकडचं टँकरचं पाणी तिने सगळ्यांसमोर प्यायचं, असं कबूल करून घेतलंय.

कुर्बानकडे गेले. तो गयावया करायला लागला, "ताई, म्याच म्हनलं होतं तीन टाका." मी म्हटलं, सही माझी होती. मग दोघं बराच वेळ दुकानात बसलो. भिंतीवर तांब्याच्या तारेची वेटोळी टांगलेली, दुपारच्या उन्हात जिलबीसारखी. मी त्याला कागदावर काढून दाखवलं. अर्धी अश्वशक्ती. नळी तळाशी नाही, पाण्याच्या अंगावर. ट्रकची हवा भरलेली ट्यूब पाण्यात सोडायची आणि फुटव्हॉल्व्ह तिला बांधायचा. पाणी खाली गेलं की ट्यूब खाली जाईल, तोंड सदा वरच्याच थरात राहील.

"टाकी भरीन कवा?"

"दिवसभरात भरेल तेवढी. नाही भरली तर अर्धी."

"लाइन गेली तं?"

"तर विहीर तेवढा वेळ झोपेल."

तो डोकं खाजवत म्हणाला, "लोक आपल्याले येडे म्हनतीन." पण नट आवळायचे पाने शोधायला उठला.

संध्याकाळी वस्तीतल्या सगळ्यांना बोलावून मी सांगितलं. चूक माझी, पंप मोठा झाला. मग डोमाजीकाका म्हणाले, "बरं झालं बाई सांगतलं. ताक पिऊन पिऊन पोट बसलं आमचं." या वेळी मला हसण्याचं कारण माहीत होतं.

१३ मे, शनिवार, बुद्ध पौर्णिमा

इतके दिवस विहिरीला कुणी हात लावला नव्हता. अश्विनही आला होता, मीटर खिशात घेऊन. तो त्याने काढला नाही. काढू नको असं मी सांगितलं नव्हतं, तरी काढला नाही.

मी कठड्यावरून खाली वाकले. काळी ट्यूब पाण्यावर स्थिर होती, त्यात आभाळाचा एक गोल. खाली काय आहे ते मला आता डोळे मिटूनही दिसतं. ते वारूळ, अंधारात, कुणी न पाहता, हळूहळू खाली बसत असलेलं. त्याला घाई करता येत नाही. मला आयुष्यात बहुतेक गोष्टी ओढूनच घेता आल्या आहेत. ही तशी येणार नाही.

कुर्बानने बटण दाबलं. आवाज इतका लहान की पोरांना वाटलं सुरूच झाली नाही. बोटभर धार आली. कुणी ओरडलं नाही.

आईने पेला धरला. भरायला वेळ लागला. वस्ती उभी, निम्मं गाव उभं, कुलसुमबी पदर तोंडावर धरून. आई प्यायली. एक घोट. तोंडात तसाच ठेवला. डोळे माझ्यावर.

मला तिच्या ओठांवर तो शब्द येताना दिसला, नेहमीचा. मी मान हलवली की नाही आठवत नाही. तिने गिळलं.

"खारं हाय अजून," ती मोठ्याने म्हणाली. सगळ्यांना ऐकू जाईल असं. "पन जीभ सोलत नाही आता. थांबा अजून."

कुलसुमबीने पदर खाली घेतला. लोक आपापल्या कामाला पांगले, जसं रोजच्या एखाद्या गोष्टीनंतर पांगतात.

मी लिंबाखाली बसले. आई चहा करायला आत गेली. जरा वेळाने पेला घेऊन बाहेर आली. कोरा होता.

"दूध ताजं हाय," माझ्या शेजारी बसत ती म्हणाली. "पानीच खारं हाय, म्हनून नाही टाकलं."